प्रयागबाईचं उकळलेलं पाणी

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात दोडके, भेंडी आणि दुधीभोपळे मांडून बसणारी प्रयागबाई कोणाच्या माठातलं पाणी पीत नाही. चहावाल्यानं आपणहून पुढे केलेला पेलाही ती परत करते. घरून आणलेली स्टीलची किटली तिच्या मांडीशी असते आणि तिच्यात सकाळी उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून गार केलेलं पाणी असतं. दुपार कलली की उरलेलं पाणी ती ओतून टाकते. मग घसा कितीही कोरडा पडो, घरी पोचेपर्यंत थेंब घेत नाही.

शेजारच्या बाया तिची भरपूर मस्करी करतात. “काहून व प्रयागबाई, जैनीन झाली का काय?” त्यावर ती “पोट बिघडते मायं” म्हणते आणि लगेच गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवते. ऐकणाऱ्याला कळतं की हे खरं नाही. बाईला खोटं बोलता येतच नाही, डोळे लगेच जमिनीकडे जातात. साऱ्या आयुष्यात ती एकदाच धड खोटं बोलली, आणि नशीब असं फुटकं की तेवढंच सगळ्यांना पटलं. ज्या अंगुरीबाईंसाठी ती खोटं बोलली त्या आता नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगायला हरकत नाही. ती एका बंद पडलेल्या चार्जरपासून सुरू होते. हसू नका, माणसाचं आयुष्य असल्याच फालतू डब्यांपाशी येऊन अडतं.

शेलूबाजारहून मालेगावकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एका टेकडीवर जैनांचं देऊळ आहे आणि पायथ्याशी धर्मशाळा. प्रयागबाई आणि तिचा नवरा उत्तमराव यांचा भाजीचा मळा तिथून हाकेच्या अंतरावर. मळ्यात कांदे, मुळे, वांगी सगळंच पिकायचं, पण धर्मशाळेत जाणारी पाटी प्रयागबाईनं पहिल्यापासून वेगळी ठेवली. तिच्यात जमिनीखालचं काही कधी ठेवलं नाही, वांगं ठेवलं नाही, आणि तिच्यावर कांद्याचं पोतंही कधी टेकवलं नाही. असं कोणी तिला शिकवलं नव्हतं. लोक जे खात नाहीत ते त्यांच्या दारात कशाला न्यायचं, एवढाच तिचा विचार.

अंगुरीबाईंनी हे बरोबर हेरलं. मालेगावचे धान्याचे व्यापारी कैलासचंदजी यांच्या त्या विधवा. नवरा गेल्यावर त्या धर्मशाळेतल्या एका खोलीत राहायला आल्या होत्या. कडक बाई. भाजी निवडायला बसल्या की अळी शोधायला भेंडी न् भेंडी उलटीपालटी करायच्या आणि सापडली की तिला पानासकट उचलून कुंपणाशी ठेवून यायच्या. एकदा त्यांनी प्रयागबाईची पाटी पालथी घालून मातीचा वास घेतला, आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणाची भाजी घेतली नाही. पुढे उपवासाच्या दिवसांत त्यांचं पाणीही प्रयागबाई उकळू लागली. अंगुरीबाईंना सगळे मांजी म्हणायचे. माळ्याच्या बाईच्या हातचं पाणी मांजी पितात, याची धर्मशाळेत चर्चा झाली. प्रयागबाई वरून काही बोलायची नाही, पण आतून ती फुलून यायची. घरच्या सासूनं तिच्या हातचा चहा कधी नीट घेतला नव्हता हो.

कैलासचंदजींच्या स्मरणार्थ त्यांचा मुलगा जिनेश यानं म्हाताऱ्या यात्रेकरूंना टेकडीवर नेण्यासाठी एक बॅटरीची गाडी दिली होती. पांढरी, सहा जणांची, वर छत आणि पुढे वडिलांचं नाव. शहरात गोल्फ खेळणारे श्रीमंत लोक हिच्यात बसून फिरतात म्हणे. इथं तिच्यात गुडघे गेलेल्या आज्या बसायच्या. पहिला ड्रायव्हर काम सोडून पुण्याला गेला तेव्हा अंगुरीबाई म्हणाल्या, “प्रयाग चालवेल.” ट्रस्टी हसले. पण पाट्या वाहून वाहून प्रयागबाईचाही गुडघा गेला होता आणि गाडीला फक्त दोन पायपट्ट्या होत्या, एक चालायची आणि एक थांबायची. एका सकाळीत ती शिकली. जन्मभर ओझं डोक्यावर घेऊन चाललेली बाई आता बसून माणसं नेऊ लागली. गावात उत्तमरावाला लोक “काय हो, ड्रायव्हरीनबाईचे मालक” म्हणून चिडवायचे आणि तोही मिशीत हसायचा. ती तीन वर्षं प्रयागबाईच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. ती स्वतःच तसं म्हणते.

गाडीच्या सीटखाली सहा बॅटऱ्या होत्या. दर पंधरा दिवसांनी त्यांची झाकणं उघडून पाणी घालायचं. त्यासाठी दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन यायचे. एका दुपारी ती पाणी घालत असताना अंगुरीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“हे पानी कवाचं व?”

“दुकानातलं हाय मांजी. कॅनवर पाच-सहा महिने आधीची तारीख हाय.”

“सहा महिने! आन् खाली तेजाब?” बॅटरीतल्या ॲसिडला त्या तेजाब म्हणायच्या. त्यांचा चेहरा उतरला. “प्रयाग, पान्याच्या थेंबाथेंबात जीव राह्यतात. उकळलं का पानी अचित्त होते, त्यात जीव राह्यत नाई. पन त्याचीबी मुदत हाय. पावसाळ्यात तीन प्रहर, म्हंजे नऊ तास. मुदत सरली का पुन्हा त्यात जीव उपजतात. सहा महिन्यांचं पानी तेजाबात टाकनं म्हंजे त्यायले जित्तं जाळनं. जिनेशच्या बाबाच्या नावाच्या गाडीत असं पाप नको.”

प्रयागबाईला ते पटलं. का नाही पटणार? पिण्याचं पाणी ती याच नियमानं उकळत होती. तेव्हापासून ती बॅटरीचं पाणीही धर्मशाळेच्या बोअरचं घ्यायची, खळखळ उकळायची, गाळायची, गार करायची आणि मुदतीच्या आत घालायची. कॅन तिनं कोठीत ठेवून दिले. असं सव्वा वर्ष चाललं. गाडीच्या पाण्यासाठी इतकी मेहनत साऱ्या जिल्ह्यात कोणी घेतली नसेल. चूक करायची तर ती किती मनापासून करावी, याला काही मर्यादा?

शेवटच्या दोन महिन्यांत गाडी चढावर दमू लागली होती. प्रयागबाईला वाटलं, हल्ली सहाही जागा भरतात म्हणून असेल.

मग पावसाळ्यात जैनांचं आठ दिवसांचं पर्युषण आलं. अंगुरीबाईंनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी आठ दिवसांचा उपवास धरला होता. आठ दिवस अन्न नाही, दिवसाउजेडी फक्त उकळलेलं पाणी, सूर्य मावळला की तेही बंद. रोज सकाळी त्या गाडीत बसून वर दर्शनाला जायच्या, बसताना नवऱ्याच्या नावावरून हात फिरवायच्या. पाचव्या दिवशी सकाळी प्रयागबाई शेडमध्ये गेली तर चार्जरचा दिवा विझलेला. रोज पिन खोचली की डब्यात टक् व्हायचं आणि तो गुणगुणायला लागायचा. आज टक् नाही, काही नाही. तिनं पिन काढून पदरानं पुसली, पुन्हा खोचली. त्याच सॉकेटात मोबाइल लावून पाहिला, तो चार्ज व्हायला लागला. वायर उंदरानं कुरतडली का, ते बोटांनी चाचपत टोकापर्यंत पाहिलं. शेवटी डब्याला दोन थपडाही मारल्या. मग शेलूबाजारच्या नवीन नावाच्या पोराला फोन केला. तो ई-रिक्षा दुरुस्त करायचा.

नवीन मोटारसायकलवर मीटर घेऊन आला. पोरगा गुणी होता, घाईघाईत काही उघडायचा नाही. आधी त्यानं सॉकेट तपासलं, मग वायर, मग डबा उघडून आतला फ्यूज.

“करंट येऊन राह्यला, फ्यूज शाबूत हाय, वायर सलग हाय. मावशी, डबा चांगला हाय.”

प्रयागबाईच्या जिवात जीव आला. पण नवीननं सीट उचलली, मीटरच्या दोन सुया बॅटऱ्यांच्या दोन टोकांना लावल्या आणि आकडा पुन्हा एकदा पाहिला.

“अठ्ठेचाळीस व्होल्ट पायजे. हे त एकोणतीस दाखवून राह्यलं. हा डबा चालू व्हायच्या आधी बॅटरी पायते, मावशी. इतकी उतरलेली बॅटरी दिसली का तो सुरूच होत नाई. एकेकीले लहान चार्जरनं उठवून पायतो. उठल्या त डबाबी उठन.”

त्यानं दुकानातून लहान चार्जर आणला आणि दुपार कलेपर्यंत दोघं शेडमध्ये बसून राहिले. बॅटऱ्यांना चिमटे लावायचे, थांबायचं, मोजायचं. बाहेर यात्रेकरू म्हाताऱ्या पायऱ्या चढताना दर वळणावर बसत होत्या. अंगुरीबाई त्या दिवशी वर गेल्याच नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांनी टेकडीकडे तोंड केलं आणि माळ ओढत बसल्या. सहापैकी एक बॅटरी जेमतेम उठली. बाकीच्या पाच नुसत्या गरम व्हायच्या आणि चिमटा काढला की पुन्हा खाली.

नवीननं झाकणं उघडून आत टॉर्च मारला. आतल्या पट्ट्यांवर पांढरट, मळका थर चढला होता. त्या थराची ओळख प्रयागबाईला सांगावी लागली नाही. बोअरचं पाणी इतकं जड की धर्मशाळेच्या नव्या बादलीवर महिन्याभरात तसाच थर धरायचा.

“पानी कोनतं टाकलं होतं?” नवीननं विचारलं.

“उकळून, गाळून टाकलं त?” ती हळूच म्हणाली.

“उकळून काय होते? क्षार त तसाच राह्यते, उलटा घट्ट होते. उकळल्यावर जे वाफ निंगते ना, ते पकडून थंडी केली का त्याचं हे पानी बनते, कॅनमधलं. तेच टाका लागते.”

प्रयागबाईनं उघड्या झाकणातून पुन्हा आत पाहिलं. म्हणजे ज्या पाण्याला आपण कच्चं समजून कोठीत ठेवलं, ते उकळलेल्याहून उकळलेलं होतं. सव्वा वर्ष तिनं चुलीपाशी घाम गाळला तो गाडी मारायला. आणि सांगितलं कोणी होतं? तिनं व्हरांड्याकडे पाहिलं. पाच दिवसांच्या उपाशी अंगुरीबाईंच्या मनगटाची हाडं शेडमधून दिसत होती.

तेवढ्यात मालेगावहून जिनेश आला. कोणीतरी त्याला कळवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण वडिलांच्या नावाच्या गाडीचा असा पसारा पाहून त्याचं डोकं फिरलं. त्यानं कोठी उघडायला लावली आणि आतले कॅन पाहिले, एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

“हे कॅन जसेच्या तसे. मग बॅटरीत काय टाकलं, प्रयागबाई? खरं सांगा. ज्यानं हे केलं त्यानं माझ्या बाबांची गाडी मारली.”

व्हरांड्यातून अंगुरीबाईंनी विचारलं, “काय झालं रे, जिनेश?” त्यांना कमी ऐकू यायचं, शेडमधलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पण आता पोचणार होतं. ‘बाबांची गाडी मारली’ हे वाक्य जिनेश आईच्या कानाशी जाऊन बोलणार, आणि त्याच्यापुढे आईचंच नाव लागणार. या वयात, या उपवासात, ज्या नावावरून त्या रोज हात फिरवायच्या त्या नावाच्या गाडीचा घात आपल्या हातून झाला, हे त्यांनी कसं सोसलं असतं? प्रयागबाईनं फार विचार केला नाही. विचार केला असता तर बरं झालं असतं, असं ती आजही म्हणते.

“सव्वा वर्ष नळाचं टाकलं,” ती म्हणाली. “मांजींनी सांगतलं होतं उकळून टाक म्हनून. म्या कंटाळा केला.”

जिनेश व्हरांड्यात गेला आणि आईच्या कानाशी मोठ्यानं ओरडला, “प्रयागबाईनं नळाचं कच्चं पाणी टाकलं, आई! सव्वा वर्ष!”

माळ थांबली. प्रयागबाईला वाटलं होतं, मांजी रागावतील, चार शब्द बोलतील, गाडीचं दुःख करतील आणि विसरतील. तिला गाडीचंच पडलं होतं. अंगुरीबाईंना गाडीचं काहीच नव्हतं.

“कच्चं?” त्या एवढंच म्हणाल्या. “तेजाबात?”

“हो मांजी.”

“मले दर वेळी सांगत होती, उकळलं म्हनून.”

प्रयागबाईनं मान खाली घातली. अंगुरीबाई तिच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, हातांकडे पाहत होत्या. पाटी पालथी घालून मातीचा वास घेतला होता ना, तसं पाहत होत्या. जिनेशनं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं ते तिनं अर्धंमुर्धंच ऐकलं. कामावरून काढणं त्या नजरेपुढे काहीच नव्हतं.

फाटकापाशी नवीननं मोटारसायकल थांबवली. “मावशी, खोटं काहून बोलली?”

“तू चूप राय,” ती म्हणाली. “तुले कोनं इचारलं त मीटरचं सांग, माह्यं नको सांगू.”

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, पर्युषणाच्या आठव्या दिवशी, संवत्सरी होती. त्या दिवशी जैन माणसं वर्षभरातल्या अपराधांची एकमेकांना क्षमा मागतात, आणि प्रयागबाईही दरवर्षी मांजींकडे जायची. उत्तमराव म्हणाला, “कायले जातं? अपमान करतील.” पण तिच्यानं राहवलं नाही. तिनं चूल पेटवली, पाणी उकळलं, गाळलं, किटलीत भरलं आणि दुपारी उशिरा निघाली. संवत्सरीच्या उपवासाचं पाणी दरवर्षी तिच्याच हातचं असायचं.

धर्मशाळा ओस पडली होती. सगळे वर देवळात प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या चुकांच्या प्रायश्चित्ताला गेले होते, अंगुरीबाईंची सून चेतनाही. स्वयंपाकघराला कुलूप होतं. गाडी शेडमध्ये मेलेली, म्हणून अंगुरीबाई एकट्याच खाली राहिल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ओठांना पांढऱ्या चिरा पडल्या होत्या. शेजारच्या मडक्यातलं पाणी चेतनानं पहाटे उकळलेलं. त्याची मुदत टळून गेली होती.

प्रयागबाई दाराशी टेकली. ती बोलायच्या आधी म्हातारीनंच हात जोडले.

“मिच्छामि दुक्कडम्, प्रयाग. माह्याकडून तुह्यं मन दुखलं असन त माफ कर.” मग दम खाऊन त्या म्हणाल्या, “म्या तुले माफ केलं. तीन उपास अजून वाढवले. तुह्या हातून जे जीव गेले त्यायच्या नावानं. तुले कामावर म्या लावलं होतं, त पाप माह्यंच हाय.”

प्रयागबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. जिला वाचवायला खोटं बोललो ती त्या खोट्याचे उपवास काढणार! ऐंशी वर्षांचं शरीर, अकरा दिवस. ती पुढे सरकली, तिनं म्हातारीचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. नळाचं पाणी नव्हतंच. उकळलेलंच होतं, तुम्ही सांगितलं तस्संच, दर पंधरवड्याला. तुम्हाला लागू नये म्हणून खोटं बोलले. एकही जीव मेला नाही मांजी, नवीनला विचारा, उपवास सोडा.

अंगुरीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, रडणाऱ्या लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

“उकळल्या पान्यानं काही मरत नाई, प्रयाग. ना जीव, ना गाडी. मले उपास पडू नये म्हनून बोलून राह्यली तू. आज संवत्सरी हाय. आज त खोटं बोलू नको.”

  प्रयागबाईनं किटलीचं झाकण उघडलं, वाटीत पाणी ओतलं आणि वाटी पुढे केली. सूर्य टेकडीच्या वर वीतभर उरला होता.

“दुपारचं हाय, मांजी. ताजं हाय. तेवढं घ्या.”

अंगुरीबाईंनी वाटीवर पालथा हात ठेवला. झिडकारलं नाही, नुसता ठेवला. घशातून त्यांचा आवंढा सरकला तो प्रयागबाईला दिसला.

“राहू दे. चेतना आनते.”

“चेतनाबाईले वेळ लागन. वाट चिखलाची हाय.”

“येते ते. राहू दे.”

प्रयागबाई वाटी धरून बसून राहिली.  ऊन खोलीतल्या फरशीवरून उंबऱ्यावर गेलं, उंबऱ्यावरून अंगणात, आणि मग अंगणातूनही गेलं. अंगुरीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. आता उद्या सूर्य वर येईपर्यंत पाणी नाही. दहाएक मिनिटांनी चेतना चिखलानं भरलेले पाय घेऊन धावत आली. तिनं आकाशाकडे पाहिलं आणि दारातच थबकली.

प्रयागबाई उठली. फाटकाकडे जाताना ती शेडमध्ये गाडीच्या सीटवर जरा बसली, कारण गुडघा वळत नव्हता. वाटी अजून हातातच होती. पाणी फेकणं तिच्यानं झालं नाही, ते तिनं स्वतः पिऊन टाकलं. पाणी उकळलेलंच होतं.